हँग्ड मॅन सारखा येतोय, मग थांबायचं का?

पत्र असं आहे (थोडं छोटं केलंय; टॅरो म्हणजे भविष्य किंवा सल्ल्यासाठी वाचतात तो ७८ चित्रपत्त्यांचा डेक, म्हणजे संच, आणि हँग्ड मॅन म्हणजे त्यातलं उलट्या टांगलेल्या माणसाचं कार्ड):

"ताई, मी एकतीस वर्षांची आहे. एका मुलाबरोबर तीन वर्षं होते, म्हणजे अजूनही आहे, पण नक्की काय आहे ते सांगता येत नाही. मागच्या वर्षी लग्नाचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला मला थोडा वेळ दे, मी आत्ता तयार नाहीये. त्याला आता वर्ष होईल. मेसेज करतो, भेटतो, पण विषय काढला की गप्प. मी टॅरो शिकतेय, रोज सकाळी तीन कार्डं काढते, आणि गेल्या महिन्यात हँग्ड मॅन तीनदा आला, शेवटच्या वेळी उलटा. एका रीडरकडून ऑनलाइन रीडिंग पण घेतलं, त्यातही शेवटच्या जागी परत तोच. त्या म्हणाल्या हे त्यागाचं कार्ड आहे, त्याला वेळ दे, तू काही करू नकोस, तुझ्या थांबण्यातच त्याचं परत येणं आहे. आणि तुमच्या दोघांत एनर्जी ब्लॉक आहे, तो काढायला वेगळी सेशन्स घ्यावी लागतील. मला तर ते चित्र बघूनच कसंतरी होतं. खरंच कार्ड थांबायलाच सांगतंय का? आणि हा डेकच अशुभ आहे का, दुसरा घेऊ का? – लटकलेली"

अगं, आधी ते कार्ड डेकमधून वेगळं काढ आणि समोर ठेव. अर्थबिर्थ शोधू नकोस, पुस्तक उघडू नकोस, नुसतं बघ. मला वाटतं तू त्याच्याकडे नीट बघितलेलंच नाहीये, कारण ज्याने आपल्याला कसंतरी होतं त्याच्यावरून नजर पटकन सरकते आणि मग आपण दुसऱ्या कुणीतरी सांगितलेला अर्थ घेऊन मोकळे होतो. तू रायडर-वेट डेक वापरतेस असं धरून चालते, शिकणारे बहुतेक जण तोच घेतात.

माणूस उलटा टांगलाय हे खरं, पण दोरी गळ्याला नाहीये, पायाला आहे. उजव्या पायाला दोरी आणि डावा पाय गुडघ्यात वाकवून मागे आडवा नेलेला, अगदी सहज. जबरदस्तीने टांगलेला माणूस पाय झाडेल, अंग पिळवटेल, इथे तसं काहीच नाही. आता चेहरा बघ. वेदना आहे का? नाहीये. डोळे उघडे आहेत, तोंड शांत आहे आणि डोक्याभोवती पिवळं तेजोवलय आहे, मागचा भाग सगळा राखाडी आणि त्यावर ते उठून दिसतं. ज्या लाकडाला तो टांगलाय तेही बघ, टी आकाराचं आहे, आणि त्याला पानं फुटलेली आहेत, हिरवी, म्हणजे ते मेलेलं लाकूड नाहीये, झाड जिवंत आहे. ही पानं खूप जणांच्या नजरेतून सुटतात.

आणि सगळ्यात शेवटी हात. हात पाठीमागे आहेत. बांधलेत का? दिसत नाही. त्याने स्वतःच मागे धरलेत का? तेही दिसत नाही. चित्रात ते झाकलेलंच आहे आणि मला विचारशील तर तुझ्या सगळ्या पत्राचं उत्तर त्या न दिसणाऱ्या हातांपाशी आहे, त्यावर येतेच पुढे.

तुला ते चित्र बघून भीती वाटते यात काही चुकीचं नाहीये, कारण हे चित्र मुळात लोकांना लाज वाटावी म्हणूनच काढलं जायचं. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत सुरू झाला, आणि सुरू झाला तो भविष्य बघायला नाही, पत्त्यांचा खेळ म्हणून. त्या काळात तिथल्या शहरांमध्ये एक पद्धत होती, कुणी गद्दारी केली, पैसे बुडवून पळून गेला आणि हाताला लागला नाही, की त्याचं चित्र सरकारी इमारतीच्या भिंतीवर काढायचे, बऱ्याचदा एका पायाला उलटा टांगलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं म्हणून. फ्लॉरेन्समध्ये १४४० साली बंडखोरांची अशी चित्रं काढली म्हणून आंद्रेआ देल कास्तान्यो या चित्रकाराला लोक टांगलेल्यांचा आंद्रेआ म्हणायला लागले होते. मुत्सिओ अत्तेन्दोलो स्फोर्झा नावाचा एक सेनापती होता, तो १४१२ मध्ये पोपची बाजू सोडून नेपल्सच्या राजाकडे गेला तर पोपने रोममध्ये त्याचं असंच उलटं चित्र काढायला लावलं. गंमत बघ, त्याचाच मुलगा फ्रान्चेस्को पुढे १४५० मध्ये मिलानचा ड्यूक झाला आणि आज जो सगळ्यात प्रसिद्ध जुना टॅरो आहे तो त्याच घराण्याच्या नावाने, व्हिस्कोन्ती-स्फोर्झा म्हणून ओळखला जातो, आणि त्या डेकमध्ये हा टांगलेला माणूस आहेच. म्हणजे ज्या बापाला असं भिंतीवर उलटं टांगून बदनाम केलं त्याच्याच घरच्या पत्त्यात ते चित्र आलं. आणखी एका जुन्या डेकमध्ये तर त्या माणसाच्या दोन्ही हातात पैशाच्या थैल्या आहेत, त्यावरून जूडासची आठवण येते, पैसे घेऊन येशूला पकडून देणारा. इटलीत काही ठिकाणी या पत्त्याला गद्दारच म्हणायचे.

मग हाच पत्ता इतका शांत कसा झाला? मधे बरंच काही घडलं. १७८१ मध्ये पॅरिसमध्ये आन्त्वान कूर द जेब्लँ या लेखकाने टॅरो इजिप्तमधून आलाय असं छापलं (याला आधार काहीच नव्हता, पण तेव्हापासून ती गोष्ट जी चिकटली ती अजून सुटलेली नाही) आणि या पत्त्याबद्दल तो म्हणाला की हा माणूस टांगलेला नाहीचे, एका पायावर जपून उभा असलेला विवेकी माणूस आहे, छापणाऱ्याला कळलं नाही म्हणून त्याने उलटं छापलं. चूक होतं ते, पण बघ ना, लोकांना तेव्हापासूनच हे कार्ड उलटं धरून बघायचा मोह होतोय. मग लंडनमध्ये डिसेंबर १९०९ मध्ये तुझ्याकडे आहे तो डेक आला, आर्थर एडवर्ड वेटने कल्पना दिली आणि पामेला कोलमन स्मिथने ७८ च्या ७८ चित्रं काढली, आणि त्यात हे तेजोवलय आलं, मार्से नावाच्या जुन्या फ्रेंच डेकमधल्या पत्त्यात ते नव्हतं. तिथे माणूस दोन खोडांच्या मधे लटकलाय आणि खोडांच्या सगळ्या फांद्या छाटलेल्या आहेत, इथे मात्र लाकडाला पानं फुटली. बदनामीच्या चित्रातून पूर्ण वेगळी गोष्ट झाली ती इथे.

आता तुझ्या रीडरबाईंच्या त्यागाकडे येऊ. कार्डांसोबत वेटने जे पुस्तक लिहिलं त्यात त्याने स्वतः सांगितलंय की या कार्डाला हौतात्म्याचं कार्ड म्हणणं खोटं आहे, कर्तव्याचं म्हणणंही खोटं आहे. चेहऱ्यावर दुःख नाही, खोल तंद्री आहे, आणि हे थांबलेलं जीवन आहे पण जीवन आहे, मृत्यू नाही, असं तो म्हणतो. आता प्रामाणिकपणे हेही सांगते की त्याच पुस्तकात रीडिंगसाठी जे शब्द दिलेत त्यात त्यागही आहे. पण एकटा नाहीये गं तो, शहाणपण, सावधपणा, पारख, कसोटी, अंतःप्रेरणा हे सगळं त्याच ओळीत आहे आणि शहाणपण सगळ्यात पहिलं आहे. सात-आठ शब्दांतून एकच उचलायचा आणि तोही असा की समोरची बाई अजून वर्षभर गप्प बसेल, हे मला पटत नाही, अजिबात पटत नाही. पारख हा शब्द तुझ्या प्रश्नाला त्यागापेक्षा जास्त लागू होता ना?

माझं या कार्डाबद्दलचं मत सांगते, मी इतकी वर्षं कार्डं वाचतेय त्यावरून. हँग्ड मॅन थांब म्हणत नाही. तो म्हणतो तू थांबलेली आहेसच, आता या थांबण्यातून तुला काय दिसतंय ते बघ. तो माणूस तिथे नुसता वेळ काढत नाहीये, त्याला तिथून जग उलटं दिसतंय, जे नेहमी वर असायचं ते खाली, जे मोठं वाटायचं ते भलतीकडेच, आणि त्या बघण्यातूनच डोक्याभोवती ते तेज आलंय. बघणं काढून टाकलं तर उरतो फक्त एक लटकलेला माणूस, आणि तुझी सही तर तीच आहे.

आता हात. हे थांबणं तू निवडलंयस का तुझ्यावर आलंय? कारण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, चित्रात जसं दिसतं तसंच, हात मागे, पाय वर, हालचाल बंद. पण स्वतः थांबलेल्या माणसाला माहीत असतं की आपण का थांबलोय आणि कुठवर थांबणार आहोत आणि दोरी सोडायची झाली तर कशी सोडायची. तुझ्या पत्रात मला यातलं एकही दिसलं नाही. वेळ त्याने मागितला, किती ते त्याने सांगितलं नाही, विषय काढायचा की नाही हे त्याच्या गप्प बसण्याने ठरतं. हे त्याचं थांबणं आहे आणि तू त्यात टांगली गेलीयस. तो वाईट आहे असं मी म्हणत नाहीये हं, त्याला खरंच काही त्रास असेल, घरचं काही, मनाचं काही, असू शकतं, पण मग तो त्रास काय आहे हे वर्षभरात तुला कळायला हवं होतं.

आणि इथे एक गोष्ट, शिकतेयस म्हणून सांगते. रीडिंगला प्रश्न काय विचारलास ते तू लिहिलं नाहीस, पण माझा अंदाज तो परत येईल का, तो लग्नाला हो म्हणेल का असाच काहीतरी असणार. असा प्रश्न विचारला की कार्ड कुणाबद्दल बोलतंय हेच कळेनासं होतं. टांगलेला कोण, तो का तू? रीडरने सोयीने ठरवलं की त्याग तुझा आणि निर्णय त्याचा. उलटंही वाचता आलं असतं ना, की लटकलेला तो आहे, ना इकडे ना तिकडे, आणि तू खाली उभी राहून वर बघतेयस. समोर नसलेल्या माणसाच्या मनात काय आहे ते कार्डांनी सांगावं ही अपेक्षा मी तरी ठेवत नाही, कार्ड माझ्यासमोर बसलेल्या माणसाला विचार करायला लावतं, एवढंच त्याचं काम आणि तेवढं पुष्कळ आहे.

डेकमध्ये अडकण्याची आणि थांबण्याची आणखी कार्डं आहेत, ती शेजारी ठेवून बघ म्हणजे फरक कळेल. एट ऑफ स्वोर्ड्समध्ये बाई बांधलेली आहे, डोळ्यांवर पट्टी, भोवती आठ तलवारी, पण नीट बघितलं तर बांधलंय ते सैल आहे आणि पाय मोकळे आहेत, समोरची वाट पण मोकळी आहे, फक्त तिला दिसत नाहीये. डेव्हिलमध्ये दोघांच्या गळ्यात साखळ्या आहेत आणि त्या इतक्या सैल आहेत की डोक्यावरून काढता येतील, तरी दोघं उभे आहेत, हे सवयीचं अडकणं. सेव्हन ऑफ पेंटॅकल्समधला माणूस पण थांबलाय, अवजारावर टेकून, पण त्याने काम केलंय आणि समोर वेल वाढलेला त्याला दिसतोय, ते थांबणं वेगळं, त्याला वाट बघण्याजोगं काहीतरी डोळ्यासमोर आहे. फोर ऑफ स्वोर्ड्स म्हणजे विश्रांती, दमलेल्या माणसाने आडवं होणं. ही चारही कार्डं आणि हँग्ड मॅन अशी पाच टेबलावर मांड आणि खरं खरं सांग, मागचं वर्ष यातल्या कुठल्या कार्डासारखं गेलं? मला तुझ्या पत्रातून एट ऑफ स्वोर्ड्सची बाई जास्त दिसली. पण ते तू ठरव, तुझं वर्ष तू जगलीयस.

हँग्ड मॅनच्या आकड्यालाही अर्थ आहे. बारावं कार्ड, त्याच्या आधी अकरावं जस्टिस, तराजू आणि तलवार, आणि पुढे तेरावं डेथ. म्हणजे आधी हिशोब, मग हे लटकणं, मग काहीतरी संपणं आणि चौदाव्या टेम्परन्सला परत तोल येणं. हे राहायचं ठिकाण नाहीये, मधला टप्पा आहे. डेथ म्हणजे नातं संपणारच असं काढू नकोस त्यातून, जे काही संपायचंय ते ही अनिश्चित अवस्थाही असू शकते, तो हो म्हणाला तरी ती संपेल आणि नाही म्हणाला तरी संपेल.

उलटं आलं त्याबद्दल. हँग्ड मॅन उलटा आला की माणूस सरळ उभा दिसतो, आणि तो आडवा पाय त्यामुळे नाचाच्या पवित्र्यात असल्यासारखा वाटतो. तुझ्या डेकमधलं एकविसावं कार्ड, द वर्ल्ड, त्यातली नाचणारी बाई काढ आणि शेजारी ठेव, एक पाय सरळ आणि दुसरा त्याच्यामागे दुमडलेला, दोघांचे पाय जवळजवळ तसेच. बारा आणि एकवीस, आकडेही एकमेकांचे उलटे. हे वेटने मुद्दाम केलं का ते बाजूला ठेव, पण वाचणाऱ्याला याचा खूप उपयोग होतो. उलट्या हँग्ड मॅनचे दोन अर्थ मी घेते, एक म्हणजे लटकणं संपत आलंय, पाय जमिनीकडे येतायत, आणि दुसरा म्हणजे हा त्याग फुकट चाललाय, ज्याच्यासाठी करतोय त्याला त्याची कल्पनाही नाही. यातला कुठला हे कार्ड सांगणार नाही, तुझ्या बाबतीत मला दोन्ही एकाच वेळी खरे वाटतात. वेटचा स्वतःचा उलटा अर्थ आणखी वेगळा आहे, स्वार्थ आणि गर्दी, लोक काय म्हणतात त्याच्या मागे जाणं. लग्न, एकतीस वय, लोकांचे प्रश्न, यातलं काही तुला दोरीने धरून ठेवत असेल तर तोही अर्थ बघून घे.

तीनदा आला म्हणून घाबरलीस ना, त्याचा हिशोब सांगते. ७८ कार्डांतून रोज तीन काढली तर कुठलंही एक ठरावीक कार्ड येण्याची शक्यता २६ मध्ये एक. तीस दिवसांत ते सरासरी एकदा, एकाहून जरासं जास्तच. पण सगळ्या ७८ कार्डांचा विचार केलास तर महिन्याभरात साधारण आठ कार्डं तीन किंवा जास्त वेळा येतातच, आणि जवळपास चोवीस कार्डं तोंडही दाखवत नाहीत. म्हणजे गेल्या महिन्यात हँग्ड मॅनसोबत अजून सात-आठ कार्डं तीनतीनदा आली असतील, तुझ्या डायरीत बघ, लिहीत असशील तर. ती लक्षात राहिली नाहीत कारण त्यांनी पोटात गोळा आला नाही. आणि पत्ते नीट पिसले नाहीत, नुसते दोन-चार वेळा वरखाली केले, तर कालची कार्डं आज वरच राहतात, शिकणाऱ्यांचं हे फार होतं, सगळे पत्ते टेबलावर पसरून दोन्ही हातांनी मस्त कालवायचे आणि मग गोळा करायचे. हे सगळं सांगितलं म्हणून कार्डाला अर्थ नाही असं नको समजूस. ज्या कार्डाने तू हललीस त्यात तुझ्यासाठी काहीतरी आहेच, फक्त ते तीनदा आलं म्हणून नाही, तू हललीस म्हणून.

आता काय करायचं ते.

एक तारीख ठरव. तू ठरव, त्याला विचारून नाही. महिना घे, दीड महिना घे, तुला झेपेल ते, पण कॅलेंडरवर लिही. आणि ती त्याला सांग, समोर बसून, मेसेजवर नको. रागाने नाही, धमकी म्हणूनही नाही, सरळ सांग की मी वर्षभर थांबले, आता मी अमुक तारखेपर्यंत थांबणार आहे आणि त्या दिवशी मला उत्तर हवंय, आणि तुला काही त्रास असेल, भीती असेल तर ती मला सांग, मी ऐकेन. बस एवढंच. हे बोलल्याबरोबर थांबणं तुझं होतं. बाहेरून काहीच बदललेलं नसेल, हात अजून पाठीमागेच असतील, पण आता ते तू धरलेले असतील.

तो त्या तारखेलाही गप्प बसला तर मग त्या गप्प बसण्याला उत्तर मान. परत नवी तारीख देऊ नकोस. हे लिहायला सोपं आहे आणि करायला भयंकर अवघड आहे मला माहितीये, त्या दिवशी जवळची एखादी मैत्रीण, बहीण, कुणीतरी सोबत असू दे.

मधल्या दिवसांत एक काम कर, जे या कार्डाचं खरं काम आहे. मागचं वर्ष कागदावर लिही, पण मी असं लिहू नकोस, ती असं लिही, दुसऱ्या कुठल्या मुलीची गोष्ट लिहितेयस असं. तिने विचारलं, तो गप्प बसला. तिने परत तीन महिन्यांनी विचारलं. तिने तिचं अमुक पुढे ढकललं. काय काय पुढे ढकललंस ते नक्की लिही, नोकरी, घर, शिक्षण, फिरणं, जे असेल ते, कारण त्याग जर झालाच असेल तर तो नेमका कशाचा झाला ते निदान तुझ्यासमोर यायला हवं. लिहून झालं की वाच आणि त्या मुलीला तू काय सांगशील ते खाली लिही.

कार्डांना काही विचारायचंच असेल तर त्याच्याबद्दल काही विचारू नकोस, तुझ्याबद्दल विचार. या थांबण्यातून मला काय मिळतंय, काहीतरी मिळतच असणार नाहीतर कुणी वर्षभर थांबत नाही. मी काय बघायचं टाळतेय. दोरी सोडली तर मला नक्की कशाची भीती आहे, त्याला गमावायची का परत पहिल्यापासून सुरू करायची. या तीन प्रश्नांना तीन कार्डं, एकदाच काढायची, आणि उत्तर आवडलं नाही म्हणून परत काढायची नाहीत. एकाच प्रश्नावर पुन्हा पुन्हा कार्डं काढत राहिलं की शेवटी आपल्याला हवं ते कार्ड येतंच आणि मग त्यालाच आपण खरं मानतो.

ती सेशन्स घेऊ नकोस. हे मी अगदी ठामपणे सांगतेय. ७८ कार्डांत एनर्जी ब्लॉक नावाचं कार्ड नाही. आधी भीती दाखवायची, मग कारण असं सांगायचं जे तुला तपासता येणार नाही, आणि मग त्यावरचा उपाय आपल्याकडेच आहे म्हणायचं, ज्या रीडिंगचा शेवट असा होतो ते रीडिंग तुझ्यासाठी केलेलं नाही. तू काही करू नकोस आणि फक्त माझ्याकडून सेशन्स घे, या दोन वाक्यांमधे तुझ्या हातात काय राहिलं सांग मला. त्या बाईंनी परत मेसेज केला तर नको म्हणून मोकळी हो, कारण द्यायची गरज नाही.

राहिला डेक. अशुभबिशुभ काही नसतं गं, छापलेला कागद आहे तो आणि त्याचा जन्म खेळण्यासाठी झाला होता. बदलू नकोस, कारण नव्या डेकमध्येही हँग्ड मॅन असणारच आणि तेव्हा पुन्हा भीती वाटेल ती आत्तापेक्षा जास्त. फक्त तू ठरवलेल्या तारखेपर्यंत, ते तीन प्रश्न सोडून, या विषयावर कार्डं काढायची नाहीत. सकाळी तीनऐवजी एकच काढ, आधी स्वतः चित्राचं वर्णन चार ओळीत लिही, कोण आहे, काय घातलंय, कुठे बघतंय, मागे काय आहे, आणि मगच पुस्तकातला अर्थ वाच, शिकण्यासाठी याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. आणि त्याच्याशी बोलून झालं की मला कळव काय झालं ते, जे झालं असेल ते.